डाव्या हाताचं ताट

आमच्या रेणापुरात पंचशीला सोनकांबळेला तिच्या नावानं फारसं कुणी ओळखत नाही. "ती कपवाली" म्हटलं की कुणीही लातूर रोडवरच्या तिच्या पत्र्याच्या शेडपर्यंत आणून सोडतं. ती नुसते कपच करते असं नाही. वाट्या, ताटल्या, बरण्या, दह्याची भांडी, जेवणाखाणाला लागेल ते सगळं चाकावर हातानं काढते, वाळवते, भाजते, झिलई देऊन पुन्हा भाजते. पण गावाच्या तोंडात एकदा जे नाव बसलं ते बसलं.

पहिल्या वर्षी तिच्या शेडमधले गॅसचे सिलिंडर बघून लोकांनी ठरवूनच टाकलं होतं की ही बाई धाबा काढणार. एक गृहस्थ तर पोरीच्या साखरपुड्याच्या जेवणाचं विचारायला गेले. तिनं त्यांना भट्टी दाखवली, साडेबाराशे डिग्रीपर्यंत तापते म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "मंग भाकरी लई लौकर होत असतील." ही गोष्ट ती स्वतःच सांगते आणि सांगताना स्वतःच हसते.

मी तनुजा. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. माझी जीभ जरा तिखट आहे, असं माझे यजमान वैजनाथ नव्या माणसाला आधीच सांगून ठेवतात. तर मीही एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. पंचशीला काही माझी मैत्रीण नव्हती. रस्त्यात भेटली की "बरं हाय का?" एवढंच. हे सगळं घडलं ते माझ्या सासूबाईंमुळे, केवळाबाईंमुळे.

पंचशीलाचे वडील माझ्या लग्नाआधी आमच्याच शेतात सालगडी होते. ते माझ्या सासऱ्यांपेक्षा वयानं मोठे होते, तरी आमच्या घरात त्यांना सगळे नुसतं "मारोती" म्हणायचे. त्यांनी पोरीला लातूरला वसतिगृहात ठेवून शिकवलं. ती चित्रकलेच्या शिक्षिकेचा कोर्स करून बसली, पण जागाच निघेनात. एका मैत्रिणीबरोबर महिनाभरासाठी म्हणून पुदुच्चेरीला एका कुंभारकामाच्या कारखान्यात गेली आणि सहा वर्षं तिथेच राहिली. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा परत आली. ते गेल्यावर आई एकटी पडते म्हणून इथेच राहिली. शिकली-सवरली पोर चिखल तुडवत बसलीय म्हणून दोन्हीकडून बोलणी खाल्ली. तिच्या गल्लीतले म्हणायचे, बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं ते काय ह्याच्यासाठी? आमच्या गल्लीतले काय म्हणायचे ते लिहीत नाही.

आमच्या दारात ती पहिल्यांदा आली ती पोतंभर काळी माती मागायला. आमच्याकडची काळी माती भांड्याच्या कामाची नाही. वाळली की भेगा पडतात. भांड्याची माती ती गुजरातेतून मागवते. पण आपली काळी माती पाण्यात कालवून, वस्त्रगाळ करून भांड्याला वरून लावली, की भट्टीत ती चक्क वितळते आणि भांड्यावर काळी-तपकिरी चकाकी येते, गुळाच्या पाकासारखी. हे तिनं सासूबाईंना नीट समजावून सांगितलं. सासूबाई तेव्हा धडधाकट होत्या, वीस एकराचा कारभार एकहाती ओढत होत्या. त्या म्हणाल्या, "ने की माय. मातीला काय तोटा हाय? बापानं जल्मभर हीच माती उकरली, आता लेक भाजून राहिली."

पंधरा दिवसांनी पंचशीला त्याच मातीची झिलई दिलेल्या सहा वाट्या घेऊन आली. सासूबाईंनी कौतुक केलं. ती गेल्यावर म्हणाल्या, "नाजूक हायेत, फुटतील, ठिवून दे वर." वाट्या काही नाजूक नव्हत्या. का ठेवायच्या ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. शाळेत मी पोरांना समतेचा धडा शिकवते, आणि स्टुलावर चढून त्या वाट्या माळ्यावर मीच ठेवल्या. ह्याची मला अजून लाज वाटते.

गेल्या दसऱ्यानंतर सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. बोलणं जरा जड झालं, पण टोचून बोलायला लागतं तेवढं शाबूत राहिलं. सकाळी शाळेत जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर मी त्यांना भरवायचे. भाकरी वरणात चुरायची, चमच्यानं तोंडाशी न्यायची. चार घास झाले की तोंड मिटायचं. "आत्याबाई, अजून एक," म्हटलं की मान भिंतीकडे. सगळ्या गड्यांना आपल्या हातानं वाढून मग जेवणारी बाई ती, तिला दुसऱ्याच्या हातचा घास घशाखाली उतरत नव्हता. मला हे कळत होतं. पण कळत असलं तरी रोज सकाळी पावणेनऊला माणसाचं डोकं ठिकाणावर राहतं असं नाही. एकदा मी चमचा ताटात आपटला आणि म्हणाले, "नका खाऊ मग." त्या दिवशी शाळेत माझं लक्षच लागलं नाही.

चार महिन्यांत त्या निम्म्या झाल्या. लातूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "गिळायला काही अडचण नाही. त्या मनानंच घास नाकारतायत. होळीपर्यंत वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल." घरी आल्यावर सासूबाई वैजनाथला म्हणाल्या, "नळी घातली तर म्या वडून काढीन. आन् मंग मला परत दवाखान्यात न्यायचं न्हाई." वैजनाथ उठून गोठ्यात गेले. जनावरांना कडबा टाकायची ती वेळ नव्हती.

त्याच दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर मला एक कप दिसला होता, दोन्ही बाजूंना कान असलेला, बुडाला रुंद. हात थरथरणाऱ्या एका पेशंटसाठी करवून घेतला होता म्हणे. "तुमच्याच गावची बाई आहे की," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पंचशीलाच्या शेडवर गेले. माळ्यावरच्या वाट्यांचं तिला माहीत असेल का, हा एकच विचार रस्ताभर डोक्यात होता. तिनं काही विचारलं नाही. म्हणाली, "हात बघितल्याबिगर मी काही करत न्हाई, मॅडम. येते उद्या."

ती आली, पलंगाशी खाली बसली. तिची आई सासूबाईंना अजून "मालकीणबाई" म्हणते. ती "काकू" म्हणते. "काकू, डावा हात बघू जरा." सासूबाईंनी नजर फिरवली, पण हात दिला. तिनं वीत मोजली, बोटं वाकवून पाहिली, हात आपल्या तळहातावर ठेवून वजन घेतलं. मग मला विचारलं, "आधी भाकर कशी खायच्या? चुरून का मोडून?"

"मोडून," मी म्हणाले. "चुरलेली त्यांना आवडत नाही. कुत्र्याचा काला म्हणतात त्याला."

"आन् तुम्ही काय देऊन राहिल्या?"

चार महिने मी त्यांना तेच भरवत होते.

त्यानंतर आठ दिवस पंचशीलानं आपला उजवा हात ओढणीनं कमरेला बांधून जेवण केलं. तिची आई मला रस्त्यात गाठून म्हणाली, "बाई, माझ्या पोरीला काय काम लावलं वो तुम्ही? येड्यावानी करून राहिली." मी बघायला गेले. भाकरी मोडायला एक हात धरायला लागतो आणि एक मोडायला. एका हातानं मोडायला गेलं की ताट सरकतं, भाकरी कडेवरून बाहेर पडते, वरण सांडतं. पंचशीला ताटामागे सगळ्या शेडभर फिरत होती. मी हसले, तीही हसली. मग ती म्हणाली, "मॅडम, एक खरं सांगू? माझी भांडी हैदराबादला जातात, पुण्याला जातात. लातूरच्या दोन हॉटेलांत त्यातच जेवायला देतात. पण रेणापुरात माझ्या आईबिगर एक माणूस माझ्या ताटात जेवत न्हाई. सगळ्यांच्या कपाटात नुसती शोसाठी ठेवलेली. काकू जेवल्या ना, तर मी समजेन मी इथं भांडी केली." मी मान हलवली. माळ्याचं सांगायचं धाडस झालं नाही.

तिनं ताट केलं ते असं. चाकावर जाड बुडाचं, खोलगट ताट काढलं. ओलं असतानाच एका बाजूची कड उंच करून आत वळवली, म्हणजे घास ढकलत नेला की कडेला अडून बोटांत येईल. आत एका अंगाला बोटभर उंचीची बोथट धार ठेवली. भाकरी त्या धारेवर ठेवून तळहातानं दाबली की मोडते. बुडाला झिलई नाही, ते खरखरीत ठेवलं, म्हणजे सरकणार नाही. वरून आमच्या शेतातल्या मातीची काळी झिलई.

पहिलं ताट माझ्यामुळे गेलं. भट्टी बंद केल्यावर ती आपोआप गार व्हायला दीड दिवस लागतो, तोवर दार उघडायचं नसतं. होळी दोन आठवड्यांवर आलेली. मी दुपारपासून तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी तर म्हणाले, "अगं, एवढं काय, जरासं उघडून बघ ना." मला वाटलं, चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलावं तसंच ते. तिनं उघडलं. मी फोनवरच होते, तिकडून टण्ण असा आवाज आला. गार वारा लागून ताट मधोमध तडकलं होतं. मला चार शब्द सुनवायचा तिला पूर्ण हक्क होता. ती एवढंच म्हणाली, "आता फोन करू नका." मी केला नाही.

दुसरं ताट करून, वाळवून, दोनदा भाजून व्हायला बारा दिवस लागले. माती घाईनं वाळवली तरी तडकते, तिथे शिक्षिकेचा दरारा चालत नाही. शुक्रवारी संध्याकाळी ती ते घेऊन आली. सोमवारी सासूबाईंना वजनासाठी लातूरला न्यायचं होतं. मी गरम भाकरी केली, वरण केलं. वैजनाथनं पाठीशी उशा लावून आईला बसवलं, पुढे पाट ठेवला, त्यावर ताट. सासूबाईंनी डाव्या हातानं ताटाची कड चाचपली. ताट हलवून पाहिलं, ते सरकलं नाही. धारेवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, जिंकलं. आणि तेवढ्यात त्यांनी हात मागे घेऊन गोधडीखाली घातला.

"आत्याबाई, काय झालं?"

"डाव्या हातानं खाऊ?" त्या म्हणाल्या. "हातच एक ऱ्हायलाय. ज्या हातानं खालचं धुवायचं त्याच हातानं अन्नाला शिवायचं? मेले तरी चालंल."

भाकरी गार झाली. मी ती चुरून भरवायला गेले तर त्यांनी एकसुद्धा घास घेतला नाही.

पंचशीला बाहेर ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "आठ दिवस जेवले मी डाव्या हातानं. हे कसं न्हाई सुचलं मला?" मलाही सुचलं नव्हतं, आणि मला तर सुचायलाच हवं होतं. माझा धाकटा भाऊ डावखुरा. जेवताना डावा हात पुढे केला की आई त्याच्या हातावर उलथनं मारायची. शेवटी तो उजव्या हातानं जेवायला शिकला आणि अडखळत बोलायलाही. हे सगळं बघितलेली बाई मी, आणि कडेची उंची, बुडाची जाडी ह्यातच गुंतून बसले. आम्ही दोघी शिकलेल्या बाया, पण ह्या हाताला लाज चिकटलेली असते हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

"उद्या काकूंना शेडवर आणता का?" जाताना तिनं विचारलं.

"कशाला?"

"आणा तर."

मला वाटलं नव्हतं, पण सासूबाई यायला तयार झाल्या. पाच महिने चार भिंती बघून कंटाळल्या असाव्यात. शनिवारी माझी सकाळची शाळा सुटल्यावर वैजनाथनं त्यांना उचलून गाडीत ठेवलं. शेडमध्ये पंचशीलानं खुर्चीवर गादी टाकून ठेवली होती. वैजनाथला तिनं काहीतरी निमित्त काढून गाडीसकट पिटाळलं. आता शेडमध्ये आम्ही तिघीच.

ती चाकावर बसली. मातीचा गोळा थापला, पाणी लावलं, चाक सुरू केलं. बोलली काहीच नाही. गोळा मधोमध आला, अंगठ्यांनी खड्डा झाला, मग तिनं एक हात आत घातला, एक बाहेर लावला आणि माती वर यायला लागली. बघता बघता गाडगं उभं राहिलं. सासूबाई टक लावून बघत होत्या. मी काही बोलायला तोंड उघडलं तर पंचशीलानं डोळ्यांनीच गप्प बसवलं.

सासूबाई जरा पुढे झुकल्या. "आत डावा हात हाय गं तुजा."

"हाव काकू. आत डावाच असतो. उजवा भायेरून नुस्ता आधाराला. भांड्याचं पोट समदं डावा करतो."

सासूबाई गाडग्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या माहेराला दगडोबा कुंभार हुता. रांजण ठोकायचा. उजव्या हातात थापी, आन् डाव्या हातात दगड धरून हात कोपरापत्तुर आत." त्या थांबल्या. "डावाच हुता. म्या रोज बघायची. त्याच रांजणातलं पानी पेले म्या लगीन हुईस्तवर."

"त्या दगडोबाबाबांनी पण त्या हातानं समदंच केलं असंल की, काकू," पंचशीला म्हणाली. "हात धुतला की हात असतो."

सासूबाईंनी आपला डावा हात मांडीवर उलटा-सुलटा करून पाहिला. चाक थांबलं. बाराचा सुमार, पत्रा तापला होता. बराच वेळ झाला तसं मला वाटायला लागलं की ह्यातून काही निघत नाही, सोमवारी लातूर ठरलेलंच.

"तनुजे," सासूबाई म्हणाल्या, "हातावर पानी घाल."

मी तांब्या घेतला. साबण लावून त्यांचा हात धुतला, नखं धुतली. मी भाकरी आणली नव्हती. एवढी खटपट केली आणि डबाच आणला नाही. पंचशीला म्हणाली, "माझा हाय की." आणि म्हणता म्हणता अडखळली. तिनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरानं तिच्या घरचं अन्न कधी खाल्लेलं नव्हतं. तिघींनाही ते माहीत होतं.

"काय हाय डब्यात?" सासूबाईंनी विचारलं.

"करडईची भाजी हाय. वरण हाय. आईनं केलंय."

"वाढ मंग. का नुस्ता वासच दिऊन राहिली?"

तिनं ते काळं ताट आणलं, भाजी वाढली, वरण वाढलं, भाकरी ठेवली. सासूबाईंनी आमच्या दोघींकडे बघितलं. "तुमी बी बसा. नुस्त्या बघत बसल्या तर म्या उठन." त्यांना उठता येत नव्हतं, पण आम्ही बसलो. "आन् डाव्या हातानं."

आम्ही तिघी डाव्या हातानं जेवायला लागलो. त्यांनी भाकरी धारेवर ठेवली, तळहातानं दाबली. पहिल्यांदा नुसती वाकली. दुसऱ्यांदा मोडली. तुकडा भाजीत ढकलत कडेपर्यंत नेला, कडेला अडवला, उचलला आणि तोंडात घातला. पाच महिन्यांत पहिला घास त्यांनी आपल्या हातानं खाल्ला. मी खाली मान घालून रडत होते. माझ्या ताटलीतून भाकरी निसटून खाली पडली तशा त्या म्हणाल्या, "मास्तरीन, नीट जेव. सांडू नको."

त्यांची भाकरी संपली. डब्यात दुसरी नव्हती. एक पंचशीलाच्या ताटलीत होती, तिनं कुरतडलेली, अर्धी उरलेली.

"त्यातली दे," सासूबाई म्हणाल्या.

पंचशीलाला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "काकू, ही उष्टी हाय माझी. घरून दुसरी आणते, पाच मिनटं."

"भूक आत्ता लागलीय. दे."

तिच्या डोळ्यांतलं पाणी थेट ताटलीत पडलं. तिनं ती अर्धी भाकरी उचलली आणि सासूबाईंच्या ताटात ठेवली. सासूबाईंनी ती धारेवर दाबून मोडली आणि खाल्ली.